बैलांच्या शेंब्या आणि ओवीचं धनुष्य

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सासऱ्यांच्या बैलांच्या शेंब्या चोरल्या.

शेंबी म्हणजे बैलाच्या शिंगाच्या टोकावर सणाला बसवायची पितळेची निमुळती टोपी. बारामतीतल्या एका विमा कार्यालयात खाली मान घालून बसणाऱ्या माणसाचा तिच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. घरात अजून या प्रकाराला ‘पोळ्याचं ते’ म्हणतात आणि विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. (मी मुळात कमी बोलणारा. हे झाल्यापासून पाणीही फार पितो.) आज मात्र सगळं सांगून टाकतो.

माझी मुलगी ओवी आठवीत आहे आणि धनुर्विद्या शिकते. तिच्या क्लबात बांबूची धनुष्यं मोजकी आणि मुलं भरपूर. पोळ्यानंतरच्या रविवारी जिल्हा स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. सर म्हणाले, जमलं तर स्वतःचं धनुष्य आणा, हाताला सवय होते. ओवीने घरी येऊन हे तिच्या आईला सांगितलं. मी समोरच बसलो होतो.

“बाबांना सांग की,” सुरेखा म्हणाली.

“नको. ते हो म्हणतील.”

हे ती अजिबात न रागावता म्हणाली, म्हणून जास्त लागलं. खोटं काहीच नव्हतं. सायकलची चेन, टेबलाचा पाय, शाळेच्या प्रदर्शनातला ज्वालामुखी, सगळ्याला मी हो म्हणालो होतो. टेबल अजून भिंतीच्या आधाराने उभं आहे. ज्वालामुखी तर प्रदर्शन संपल्यावर तयार झाला. आता निदान एकदा तरी पोरीने माझ्या हातची वस्तू हातात घेऊन मैदानात जावं, एवढंच मनात आलं. मी पेपर खाली ठेवला.

“मी करतो धनुष्य.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुरेखाने ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला, एखादीचा पेपर अवघड गेल्यावर फिरवतात तसा.

भिगवणला एका मासेविक्रेत्याच्या ओळखीने चांगला वाळलेला बांबू मिळाला. (त्याला मासळीचा वास होता. आता तो आमच्या गाडीला आहे.) धनुष्याचा मधला भाग मला बरा जमला. घात केला टोकांनी. मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता की टोकं जेवढी हलकी, तेवढा बाण चपळ. म्हणून मी कानस घेऊन वरचं टोक तासलं. मग खालचं जाड दिसायला लागलं. ते तासलं, तर वरचं जाड. आरशापुढे उभं राहून ज्यांनी स्वतःची मिशी कापली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अखेर दोन्ही टोकं अगदी सारखी झाली, उदबत्तीएवढी. दोरी अडकवायला खाच पाडली, दोरी ओढली आणि बांबू खाचेपासून उभा चिरला.

“बाबा, झालं?” ओवीने दारातून विचारलं.

“होत आलंय.”

चिरलेला भाग कापून टाकला आणि नवीन टोकं जाड ठेवली. बळकटी यावी म्हणून खाचेखाली दोरा गुंडाळून वर इपॉक्सी लावलं. इपॉक्सी फार पक्कं निघालं. धनुष्यावरचा दोरा सुटला, अंगठ्यावरचा सुटेना. ऑफिसातल्या हजेरीच्या मशीनने माझा अंगठा ओळखायला साफ नकार दिला आणि साहेबांनी मी आल्याची खात्री डोळ्यांनी करून घेतली. इकडे बांबू पुन्हा चिरायच्या बेतात. आता टोकांवर वरून काहीतरी घट्ट, कडक बसवायला हवं होतं. टोपीसारखं काहीतरी.

अशा मनःस्थितीत आम्ही पोळ्याला कळसला गेलो. कळस सुरेखाचं माहेर. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात, मीही. आबांची नांगरट कधीच ट्रॅक्टरकडे गेली, पण पाखऱ्या आणि सोन्या ही जोडी त्यांनी विकली नाही. दुपारी त्यांनी माझ्यापुढे एक डबा ठेवला.

“पाव्हणं, बसून कटाळला आसाल. शेंब्या तेवढ्या चिंचंनं घासा. जमंल न्हवं?”

डब्यात चार शेंब्या होत्या. मी घासल्या. त्या लखलखायला लागल्या आणि मला त्यांचा आकार दिसला. गोल, निमुळत्या, कडक. धनुष्य गाडीतच होतं. घर जेवून आडवं झालं होतं.

आता दोन्ही एकाच बैलाच्या घेतल्या असत्या तर तो बिचारा अगदीच उघडा पडला असता. म्हणून मी दोघांची एकेक घेतली. (चोरी करतानाही कोणावर अन्याय नको, असा माझा स्वभाव.) गोठ्यामागे बसून आधी नीट खाचा पाडल्या, टोकं शिंगासारखी गोल तासली, शेंब्यांत इपॉक्सी भरलं आणि ठोकून बसवल्या. इतक्या बेतशीर बसल्या की मला क्षणभर स्वतःबद्दल आदर वाटला. सवय नव्हती, त्यामुळे जरा गरगरलं.

दुसऱ्या दिवशी बैल धुऊन झाले, शिंगं रंगवून झाली. आबांनी डबा उघडला.

“आगं सुरेखा, ह्यात दोनच हायत्या.”

शोधाशोध सुरू झाली. सगळ्यात जास्त मी शोधलं. वैरणीत हात घातला, शेणात घातला. हे करताना कोणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं, पण आबा उलट सुरेखाला म्हणाले, “बघ, पाव्हण्यांस्नी किती काळजी.”

शेजारच्या रानात त्यांचे चुलतभाऊ तात्या राहतात. मागच्या पोळ्याला आबांच्या बैलांची मिरवणूक आटोपल्यावर तात्यांनी याच शेंब्या मागून नेल्या होत्या आणि परत द्यायला दसरा उजाडला होता. आबा कुंपणाशी गेले.

“तात्या, शेंब्या नेल्यास काय रं?”

“माजी बैलं उन्हाळ्यातच इकली. आता काय माज्या डोस्क्यावर घालू व्हय?”

“तुजा काय भरवसा.”

“तुज्या जावयाला इचार की. काल गोठ्यामागं काय तरी घाशीत बसला हुता.”

“पाव्हण्यांचं नाव घिऊ नगंस. त्यो माणूस वाळल्या पाचोळ्यावर पाय देत न्हाय.”

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ओवी गाडीकडून पळत आली. दोन्ही हातांत धनुष्य, चेहरा असा की मी तो तिच्या पहिलीनंतर पाहिला नव्हता.

“आबा, बघा! बाबांनी केलं. खरंच केलं!”

सकाळच्या उन्हात दोन्ही टोकं अशी चमकली की पाखऱ्यानेही मान वळवली.

“घ्या,” तात्या कुंपणापलीकडून म्हणाले. “घावल्या.”

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते ओवीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, “लई झ्याक हाय. ऱ्हाऊ द्या तसंच. बैलांस्नी काय, त्यांच्याकडं कुठं आरसा हाय.”

त्यांनी चारचौघांत मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण हा चांगुलपणाही निभावला असता. पोरीच्या हातात धनुष्य होतं, माझी लाज मी सावकाश गिळली असती. ओवीने खिशातून दोरी काढली. वरचं टोक चाचपलं. धनुष्य उलटं केलं, दुसरं टोक चाचपलं.

“बाबा, दोरी कुठं अडकवायची?”

खाचा शेंब्यांच्या आत होत्या. मी स्वतः नीट पाडलेल्या, आणि मग स्वतःच झाकलेल्या. ज्या दोरीसाठी इतके दिवस टोकं मजबूत करत होतो, ती दोरी त्यांना लागणारच नव्हती. गुळगुळीत पितळेवरून ती तीनदा घसरली. ओवीने चौथ्यांदा लावून पाहिली नाही.

मग शेंब्या काढायच्या ठरल्या. एकीकडून आबांनी ओढलं, दुसरीकडून तात्या कुंपण ओलांडून आले आणि भांडण विसरून त्यांनीही ओढलं. मधे धनुष्य धरून मी.

“घट बशिवलंय पन,” तात्या म्हणाले. त्या कामाचं एवढंच कौतुक झालं.

शेवटी आबांनी करवत आणली, धनुष्य आडवं घातलं आणि धरायला म्हणून मधोमध पाय दिला. काडकन आवाज आला. ज्या एका भागाबद्दल मला खात्री होती, नेमका तोच मोडला होता. ओवी सोन्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

कापलेली टोकं शेंब्यांत तशीच अडकलेली. ती जाळून काढण्याशिवाय इलाज नव्हता.

“अहो, त्या चुलीवर पुरण शिजतंय,” सुरेखा म्हणाली.

“माहितीय.”

“मग?”

“शेजारी ठेवतो.”

पुरणाला त्या वर्षी इपॉक्सीचा आणि थोडा मासळीचा वास होता. सगळ्यांनी खाल्लं. माणसं चांगली आहेत, म्हणूनच हे इतकं जड जातं. शेंब्या निघाल्या, पण कोळशासारख्या, आणि पुन्हा चिंच लावायला वेळ नव्हता. मिरवणुकीत दोन्ही बैलांचं एकेक शिंग सोन्यासारखं आणि एकेक काळंकुट्ट. देवळापाशी कोणीतरी विचारलं, “आबा, ही नवी फॅशन काडली व्हय?”

“जावयानं केलंय,” आबा म्हणाले. त्या आवाजात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

परतताना गाडीत मी बोललो. “ओवी, मी त्या शेंब्या विचारून घेतल्या नव्हत्या.”

“कळलं ते सगळ्यांना, बाबा.” थोड्या वेळाने म्हणाली, “मी क्लबचंच धनुष्य घेईन. रांगेत थांबावं लागेल, बाकी काही नाही.”

रविवारी ती रांगेत थांबली. दुसऱ्यांच्या हातांनी गरम झालेल्या धनुष्याने तिने बाण मारले आणि ती निवडली गेली, शेवटच्या जागेवर का होईना. सरांनी ते धनुष्य स्पर्धेपर्यंत तिच्याकडेच ठेवलं. “आणि तुझे बाबा करणार होते, त्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“ते बैलांना लागलं, सर.”

सर शेतकरी घरातले असावेत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आता तिने मलाही एक काम दिलंय. दर रविवारी मैदानावर जायचं आणि लांब पडलेले बाण गोळा करून आणायचे. अट एकच, बाण जसे पडले तसे परत द्यायचे, त्यांचं काही करायचं नाही. पहिल्या रविवारी निघताना तिने माझे खिसे तपासले. पॉलिश पेपर निघाला.