सज्जनबाईंनी लाडी दिली

सावद्यात सज्जनबाईंच्या कापडदुकानामागचं गोदाम सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दुकान बंद पडलं आणि गोदामात कुत्री आली. कुणाचा पाय ट्रकखाली सापडलेला, कुणाला खरूज. मी तेव्हा शेजारी राहायचो, शाळेत शिकवायचो. अकरा कुत्र्यांच्या भाकऱ्या थापून झाल्या की बाई भिंतीला टेकून बसत, त्या बराच वेळ उठत नसत.

"मोठं पुण्य करताय," असं मी एकदा म्हणालो.

"पुण्य कसलं, मास्तर? हमाली आहे ही."

घर पाहिल्याशिवाय त्या कुत्रं कुणाला देत नसत. चुडामण पाटलांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही दिवसरात्र साखळीला बांधता. नाही मिळणार."

अडुसष्ट साली त्यांची लाडकी कुत्री, लाडी, व्याली. पिलं पाच. महिन्याभरात तिच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटलं. बाई दूधभाकरीवर तूप घालायच्या, पण ती तोंड फिरवायची. गुरांचा डॉक्टर आला, तिच्या हिरड्या पाहून म्हणाला, "अंडी द्या, मटणाचं पाणी द्या. नाहीतर जगायची नाही."

"आमच्या जैनांच्या घरात?"

"बाई, व्रत तुमचं आहे की तिचं?"

बाईंना ते लागलं. दोन दिवस त्यांनी मूग शिजवून भरवून पाहिले. तिसऱ्या दिवशी लाडी पिलांना जवळ घेईना, तेव्हा त्या माझ्या दारात आल्या. "यावलचा पुना आठवतो? केळीबागेत कामाला जातो तो. त्यानं कुत्री मागितली होती. त्याच्या घरी मांस शिजतं म्हणून मी नाही म्हटलं. चुकलं माझं."

केळीच्या ट्रकमधून आम्ही यावलला गेलो. लाडी बाईंच्या मांडीवर, पिलं टोपलीत. पुनाच्या अंगणात बाईंनी आधी सावली पाहिली, मग पाण्याचा माठ, मग खुंटीला साखळी आहे का ते. कमलबाईनं, म्हणजे पुनाच्या बायकोनं, वाडग्यात रस्सा आणला.

"अक्का, तुमी तिकडं बसा. वास येईन तुमाले," पुना म्हणाला.

"नाही. मला पाहायचंय."

नाकाला पदर लावून त्या तिथंच बसल्या. लाडीनं हुंगलं, जिभेनं चाखलं आणि थोड्या वेळानं तोंड वाडग्यात घातलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पिलं किती ठेवशील?"

"दोन ठेवीन, अक्का."

"तीन मोठी झाली की माझ्याकडे आण. रस्त्यावर सोडायची नाहीत. आणि ही आजारी पडली, नकोशी झाली, तरी कळव. मी बोलणार नाही तुला."

"असं कसं नकोशी व्हईन, अक्का?"

"होतात, पुना. माझ्याकडची सगळी तशीच आली आहेत."

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. लाडी वाडगं चाटत होती, तिनं मान वर केली नाही. मी तिला हाक मारणार, तोच बाईंनी माझा हात धरला.

"नको मास्तर. खाऊ दे तिला."