जळगावची पार्टी

धुळ्याच्या चारी बाजूंना जमिनीचा असा एकही तुकडा उरलेला नाही, ज्यावर उभं राहून माझ्या साडूंनी "इथं हॉल येईल" असं म्हटलेलं नाही. कापसाच्या शेतात त्यांनी हॉल पाहिला आहे, बाभळीच्या बनात पाहिला आहे आणि एका उन्हाळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रातही पाहिला आहे, दोन बेडरूमसकट. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. प्लॉट, घरं, दुकानांचे गाळे विकून देणं हा त्यांचा व्यवसाय. लोक त्याला दलाली म्हणतात. त्यांच्या कार्डावर 'कन्सल्टंट' असं छापलेलं आहे आणि कार्ड वाचायच्या आधी कुणी दलाल म्हणालंच, तर ते त्याला कार्ड देतात.

त्यांची भाषा समजायला मला काही वर्षं लागली. 'महामार्गालगत' याचा अर्थ वारा योग्य दिशेचा असेल तर तिथे ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. 'निसर्गरम्य' म्हणजे अजून वीज आलेली नाही. 'विकसनशील परिसर' म्हणजे तिथे शेजारी नाही, पण एक चहाची टपरी आहे आणि ती दुपारनंतर बंद असते. त्यांच्याकडची सगळी घरं पूर्वाभिमुख असतात. एकदा एका गिऱ्हाइकाने मोबाइलमधलं होकायंत्र काढून दाराकडे धरलं आणि दार नैर्ऋत्येला असल्याचं दाखवलं. साडूंनी तो मोबाइल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हे मॉडेल आपल्या भागात नीट चालत नसल्याची तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकल्याचं सांगितलं. खेद वाटल्यासारखं सांगितलं. त्या गिऱ्हाइकाने घर घेतलं नाही, पण मोबाइल बदलला.

जाहिरातीच्या बाबतीत ते काळाबरोबर आहेत. त्यांच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला त्यांचा नंबर आहे. लग्नात ते आहेर देतात त्या पाकिटावर 'नव्या संसाराला नवा पत्ता' असं छापलेलं असतं. कुणाच्या घरी मयत झालं तर मात्र तेराव्यापर्यंत ते जमिनीचं नावही काढत नाहीत. हा त्यांचा नियम आहे आणि त्यांनी तो कधी मोडलेला मी पाहिला नाही. चौदाव्या दिवशी ते सांत्वनाला जातात. अलीकडे ते प्लॉटवर उभं राहून व्हिडिओ करतात. दोंडाईचा रस्त्यावरच्या एका ले-आउटचा व्हिडिओ करताना "नमस्कार मित्रांनो, ही संधी पुन्हा येणार नाही" एवढं म्हणून ते वळले, तर मागून एक म्हैस फ्रेममध्ये येऊन उभी राहिली. पुन्हा चित्रीकरण करायला मोबाइलमध्ये चार्जिंग नव्हतं, म्हणून तोच व्हिडिओ टाकला. त्यांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तो. भराभर फोन आले. सगळ्यांना म्हशीची चौकशी करायची होती. साडूंनी मालक शोधला, पार्टी आणली, व्यवहार जमवून दिला. म्हैस आता शिरपूरकडे सुखात आहे. प्लॉट अजून आहेत.

आम्ही जळगावला राहतो. साडू आमच्याकडे आले की चप्पल काढता काढता दाराशेजारची भिंत बोटाने वाजवून पाहतात आणि ही पाडली तर स्वयंपाकघर केवढं होईल, ते माझ्या बायकोला सांगतात. ती त्यांना भाऊजी म्हणते आणि मान देते, पण त्या भिंतीबद्दल तिने त्यांना आजवर एक शब्दही बोलू दिलेला नाही. ते तरीही पुढच्या खेपेला वाजवतात.

आम्ही धुळ्याला गेलो की मात्र कामाला लागतो. याची सुरुवात एका रविवारी झाली. जेवणं आटोपल्यावर साडू म्हणाले, जरा चांगले कपडे घाला, एक घर पाहून येऊ. आम्हाला घर घ्यायचं नाही, असं मी सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त पाहणारी माणसं हवी होती, आणि तीही बाहेरगावची. धुळ्यात जळगावच्या गिऱ्हाइकाला वजन असतं. जळगाव म्हटलं की समोरच्याला सोन्याची दुकानं आठवतात. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका जुन्या कॉलनीतलं ते कोपऱ्यावरचं घर. पुढे शेवग्याचं झाड, लोखंडी फाटक, तीन खोल्या. मालकीण एकट्या राहत. सगळे त्यांना अक्का म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतेला होती. आम्हाला घेऊन आल्याचं साडूंनी फाटकातूनच ओरडून सांगितलं, "अक्का, जयगावनी पार्टी लई उनू." अक्का इस्त्रीचं पातळ नेसून तयार होत्या. टेबलावर फरसाण आणि चिवड्याच्या बश्या मांडलेल्या होत्या. घर पाहायला आम्हाला फार वेळ लागला नाही. चहा मात्र दोनदा झाला. कुठल्या गावचे, असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. ती अमळनेरची म्हटल्यावर पूर्वी तिथून सरकी-तेलाच्या व्यापाऱ्यांचे ट्रंककॉल कसे लागत, दोंडाईच्याचे मिरचीवाले फोनवर कसे ओरडत आणि एका जावयाचा सासऱ्याशी अबोला आपण मधल्यामध्ये कसा मिटवला, हे सगळं त्यांनी सांगितलं. निघताना साडूंनी किंमत विचारली. अक्कांनी सांगितली. त्या पैशात त्या काळी देवपुरात तशी दोन घरं आली असती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, या भावाने हे घर कधी विकलं जाणार नाही. साडूंनी स्कूटर सुरू केली आणि शांतपणे सांगितलं की दुसऱ्या चार एजंटांनी हे घर याच कारणाने सोडून दिलं, पण त्यांनी अक्कांच्या टेबलावरच्या बश्या पाहिल्या नाहीत. पहिल्या दिवशी ते स्वतः घर बघायला गेले, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की अक्कांना घर विकायचं नाही. घर विकायला काढलं की माणसं येतात, एवढंच. तेव्हापासून ते दर रविवारी त्यांच्याकडे कुणाला तरी नेत. खरी गिऱ्हाइकं संपली, तेव्हा नातेवाईक नेऊ लागले. ते संपत आले, तेव्हा आमची पाळी आली.

पुढच्या काही वर्षांत आम्ही ते घर चारेक वेळा पाहिलं. दुसऱ्या खेपेलाच अक्कांनी माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला. मी त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी चहात साखर कमीच आहे ना, असं विचारलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. पण त्या ओळख दाखवत नव्हत्या. पुन्हा सगळ्या खोल्या दाखवल्या, पुन्हा तीच किंमत सांगितली आणि आम्ही पुन्हा विचार करून कळवतो म्हणालो. माझी बायको तर तिसऱ्या खेपेला त्यांच्या आवडीचं लोणचं घेऊन घर पाहायला गेली.

मग त्या रस्त्याचं रुंदीकरण झालं आणि कोपऱ्याच्या जागांना भाव आला. एका हाडांच्या डॉक्टरांना दवाखान्यासाठी अशीच जागा हवी होती. त्यांनी साडूंचा तो म्हशीचा व्हिडिओ पाहिला होता. फोन करून त्यांनी कोपऱ्याची जागा आहे का विचारलं, साडूंनी सवयीने अक्कांचं घर आणि त्याची किंमत सांगितली आणि ती ऐकून डॉक्टर, घासाघीस न करता, ठीक आहे म्हणाले.

साडू दुसऱ्याच दिवशी एसटीने आमच्याकडे जळगावला आले. कामाचा दिवस होता. भिंत न वाजवता ते सरळ आत येऊन बसले. माझ्या बायकोने घाबरून आधी बहिणीची खुशाली विचारली. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगितलेली किंमत मिळतेय म्हटल्यावर अक्कांनाही नाही म्हणता आलं नव्हतं. एवढा मोठा व्यवहार त्यांनी जन्मात केला नव्हता. शिवाय त्याच डॉक्टरांनी दोंडाईचा रस्त्यावरचे चार प्लॉट घ्यायचंही कबूल केलं होतं. माझी बायको म्हणाली, "मग अडचण काय आहे भाऊजी?"

"अडचण अशी की घर विकलं जाईल," साडू म्हणाले.

रविवारी डॉक्टर घर पाहायला येणार होते. साडूंनी मलाही नेलं. त्या दिवशी त्यांनी जे केलं, ते त्यांच्या धंद्यातल्या माणसाने पूर्वी कधी केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी घराचे दोष दाखवले. प्लॉटचे गुण सांगताना असतो तसाच त्यांचा आवाज भरून आला होता. ही ओल, डॉक्टरसाहेब, पावसाळ्यात छातीपर्यंत येते. बोअरच्या पाण्याने नळ पांढरे होतात. मागे मंगल कार्यालय आहे आणि लग्नसराईत पेशंटला तुमचा आवाज ऐकू येणार नाही. आणि दार नैर्ऋत्येला आहे. हे शेवटचं सांगणं त्यांना फार जड गेलं. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग साडूंच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले की इतका प्रामाणिक एजंट आपण पाहिलेला नाही, आणि ओलीची काळजी करू नका, घर तर पाडायचंच आहे.

अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि शेवगाही काढणार का, असं डॉक्टरांना विचारलं. तिथे पार्किंग येईल, असं डॉक्टर म्हणाले, अगदी सौम्यपणे. अक्कांनी मान हलवली आणि त्यांना कप दिला. साडू त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "अक्का, नको म्हणा."

"शब्द दिन्हा शे मी, भाऊ," अक्का म्हणाल्या. मग नळाला पाणी किती वाजता येतं आणि वरच्या टाकीचा कॉक कुठे आहे, हे त्या डॉक्टरांना समजावून सांगू लागल्या. पाडायच्या घरातल्या टाकीचा कॉक. त्यांचा आवाज एक्स्चेंजमध्ये असेल तसा स्वच्छ होता.

साडू डॉक्टरांसमोर येऊन उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, हे घर विकायचं नाही."

डॉक्टरांना आधी ही भाव वाढवण्याची युक्ती वाटली. तसं नाही हे कळल्यावर ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. तुम्हीच तर इतकी वर्षं हे घर विकताय, असं ते म्हणाले.

"विकत नव्हतो," साडू म्हणाले, "दाखवत होतो. चूक माझी आहे, अक्कांची नाही."

डॉक्टर निघून गेले. चार प्लॉटही गेले. बाजारात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा एजंट म्हणून पुढे कितीतरी दिवस टपरीवर साडूंचं नाव निघत राहिलं. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मग एक दिवस शेवभाजीचा डबा भरून त्यांच्या हाती दिला आणि एवढंच म्हणाली की हा अक्कांकडे पोचवा, गरम आहे तोवर.

त्या रविवारी डॉक्टरांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर आम्ही तिघं परत टेबलाशी येऊन बसलो. चहा निवला होता. अक्कांनी कप गोळा केले, आत ठेवून आल्या, पदराला हात पुसले आणि साडूंना विचारलं, "मंग आते रविवारले कोन येनार शे?" साडूंनी खिशातून डायरी काढली आणि पाचोऱ्याची एक पार्टी आहे म्हणाले. डायरीचं पान कोरं होतं.

गेल्या वर्षी अक्का न्हाणीत पडल्या. मुलगी येऊन त्यांना सुरतेला घेऊन गेली. फोनवर त्या बऱ्या असतात. जाताना किल्ली साडूंकडे ठेवून गेल्या आहेत. दर रविवारी ते एकटेच जातात, खिडक्या उघडतात, नळ थोडा वेळ सोडून ठेवतात, शेवग्याच्या शेंगा उतरवून शेजाऱ्यांना वाटतात. दिवाळीत आम्ही धुळ्याला गेलो, तेव्हा ते आम्हालाही घेऊन गेले. सवयीने त्यांनी आम्हाला सगळ्या खोल्या दाखवल्या, पण हॉल कुठे येईल ते सांगितलं नाही. इथे त्या दुपारी पेपर वाचायच्या, म्हणाले. इथे बश्या ठेवायच्या. मग त्यांचा फोन वाजला. कुणीतरी देवपुरातल्या त्या कोपऱ्यावरच्या बंद घराची चौकशी करत होतं.

साडूंनी उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले, "ते घर रिकामं नाहीये."