आईचा नामंजूर अर्ज

पिंपळगावच्या हायवेवर आम्ही मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे होतो. आई द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून थेट आली होती. डोक्यावरची जाळीची टोपी काढायचीही राहिली होती. सोडायला आलेल्या मावशीला ती सांगत होती, "कॉम्प्युटरनं माणसाला नाय म्हणलं, तर का म्हणलं ते सांगावं लागतं. आमची पोरगी त्याचा कायदा शिकाया चाललीय." माझा पीएचडीचा विषय इतका सोपा करून मला स्वतःला कधी सांगता आला नाही.

नेदरलँड्समधलं पहिलं वर्ष बरं गेलं. सुपरमार्केटात आपल्याकडची द्राक्षं दिसली की फोटो काढून आईला पाठवायचे. दुसऱ्या वर्षी पेट्या बांधायच्या मशीनमध्ये तिचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली. मला चार दिवसांनी कळलं, कारण माझं प्रेझेंटेशन होतं आणि तिने घरात सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

अपघात विम्याचा अर्ज वडिलांनी मोबाईलवरून भरला. चहा होईपर्यंत उत्तर आलं: अपात्र. कारण दिलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आईचा फोन. "तू हेच शिकती ना गं? मंग त्यांनी नाय का म्हणलं, तेवढं इचार. पैसे नाय दिले तरी चालंल."

मी विचारलं. ईमेल केले, अपील केलं, नियमांचे दाखले दिले. दर वेळी तेच वाक्य परत यायचं: आपला अर्ज निकषांत बसत नाही. कोणते निकष, हे सांगायला पलीकडे माणूसच नव्हतं. आई दर रविवारी विचारायची, मी "बघतेय" म्हणायचे. पुढे पुढे रविवारचा फोनच टाळायला लागले.

एक गोष्ट घरी अजून सांगितलेली नाही. आईचं नाव बदलून तिची हकिगत मी प्रबंधात घातली. सेमिनारमध्ये तिच्यावर तासभर चर्चा झाली. गाईड म्हणाले, हे तिसरं प्रकरण सगळ्यात दमदार झालंय. मी थँक्यू म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. परदेशी गेलेल्यांनो, घरच्यांचं दुःख असं कामाला लावलंय का कुणी तुमच्यात?

यंदा सुट्टीत घरी गेले. आई डाव्या हाताने चहा गाळत होती. तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकू मोबाईल घेऊन आल्या. त्यांचाही कसलासा अर्ज नामंजूर झाला होता. "पोरगी आलीय म्हणलं, तिला दाखवावं." मी हात पुढे केला.

आई मध्येच म्हणाली, "तिला नका इचारू, सुमनबाई. तिच्याच्यानं नाय व्हत ते. लय दमून आलीय."

ती रागावून बोलली असती तर मी भांडले तरी असते. तिने फार मायेनं सांगितलं. काकूंनी मोबाईल पिशवीत ठेवला, आणि चहाबरोबर कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा सुरू झाल्या.

आता घरी जाईन तेव्हा गरम भाकरी मिळेल, उशिरापर्यंत झोपू देतील. मला कुणी काही विचारणार नाही.