औटकीचं भूत

माझ्या आवाजाला माणसं घाबरतात, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. घरात तोवर कोणी घाबरल्याचं ऐकिवात नव्हतं. (माझं बोलणं चालू असतानाच बायको, वसुधा, मिक्सर लावते.)

ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. आम्ही चेन्नईत, अण्णा नगरला राहत होतो. मी मूळचा कराडचा, पण पोटापाण्यासाठी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. माझं काम एवढंच, की दांडा ठरल्या जाडीपेक्षा केसभर जरी जास्त निघाला, तरी त्याला बाजूला काढायचं. मुलगी मधुरा तांबरमच्या एका कॉलेजात 'विसकॉम' शिकत होती. विसकॉम म्हणजे सिनेमा, जाहिराती, फोटो वगैरे. तिनं सी.ए. व्हावं अशी माझी इच्छा होती. तिची नव्हती. मतं समसमान पडली, तेव्हा वसुधानं पोळी लाटता लाटता मुलीच्या बाजूनं लाटणं वर केलं.

दुसऱ्या वर्षी त्यांना काम मिळालं: प्रत्येक गटानं भयपटाचा ट्रेलर बनवायचा. भयपट नाही, नुसता ट्रेलर! त्याची जाहिरातही आपणच करायची आणि सगळ्या कॉलेजसमोर तो दाखवायचा. ज्याचा ट्रेलर पहिला येईल, त्याला डिपार्टमेंटचा मोठा कॅमेरा मिळणार आणि त्याचा पुरा सिनेमा होणार. बाकीच्यांनी त्याच्या हाताखाली काम करायचं.

"बाबा, मला वर्षभर दुसऱ्याचे दिवे नाही धरायचे," मधुरा म्हणाली. "मला 'ॲक्शन' म्हणायचंय."

"पण जो सिनेमाच नाही, त्याची जाहिरात करायची?"

"हो."

"याला फसवणूक म्हणतात."

"याला मार्केटिंग म्हणतात."

मी आणखी बोललो असतो, पण तिनं मला ट्रेलरचे नियम समजावून सांगितले आणि मी गार पडलो. पोरीचं काम आमच्या कारखान्यापेक्षा काटेकोर! सुरुवातीला सगळं छान हवं. मग एकच गोष्ट जराशी चुकायला हवी. मग काळोख. मग शांतता.

"आणि लोकांना वाटतं, संपलं बुवा... आणि तेवढ्यात धाड!" तिनं टेबलावर हात आपटला. माझा चहा बशीत आला.

"बघितलंत? चाललं."

"आणि भूत कधी दाखवायचं?"

"दाखवायचंच नाही. पुसटसं दिसलं पाहिजे. भूत कोण ते कळलं, की भीती संपली. हा सगळ्यात मोठा नियम."

शेवटचा नियम ध्यानात ठेवा. मी ठेवला नाही.

पहिली अडचण आली ती माझ्यामुळेच. भयपटाला करकरणारं दार लागतं, आणि आमच्या घरात एकही दार करकरत नव्हतं! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बिजागऱ्यांना तेल घालतो. मधुरा आणि तिची मैत्रीण सेल्वी (कॅमेरा हिच्याकडे) घरभर फिरून दारं उघडत-मिटत होत्या. नळ ठिबकत नव्हता. पंखा कुरकुरत नव्हता. खिडकी आपटत नव्हती.

"अंकल," सेल्वी हताश होऊन म्हणाली, "या घरात भूत कसं राहणार?"

मला आयुष्यात मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती, पण ती घेण्यासारखी वेळ नव्हती.

दार शेवटी खालच्या मजल्यावर सापडलं, रावजींकडे. रावजी तंजावरकडचे मराठी. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज केव्हाच्या काळी इकडे दक्षिणेत आले आणि येताना जी मराठी आणली, तीच ते अजून जपून वापरत होते, मधेमधे तमिळचा टेकू देत. त्यांच्या देवघराचं दार असं करकरायचं, की सेल्वीनं दाराला नमस्कार केला.

दुसरी अडचण भुताची. कोणाला भूत करून पाहिलं तरी तो हसायचा. वसुधाला पांढरी साडी नेसवून उभं केलं, तर तिनं कॅमेऱ्यात बघून विचारलं, "गॅस बंद केलाय ना गं?"

त्यात मला सर्दी झाली. घसा असा बसला, की माझा आवाज मलाच ओळखू येईना. दुपारी मी डोक्यावरून पांढरी चादर घेऊन वाफ घेत बसलो होतो. आता वाफ किती वेळ घ्यायची, याचं आमच्या आईनं घालून दिलेलं माप आहे: औटकी दोनदा म्हणून होईपर्यंत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आताच्या मुलांना ठाऊक नसतो, मला मात्र झोपेतही येतो. चादरीखालून मी म्हणत होतो, "एक औट औट... बे औट सात... तीन औट साडेदहा..."

दारात काहीतरी पडलं. मी चादर वर केली. सेल्वी भिंतीला चिकटून उभी होती, खाली तिच्या हातातला टिफिन.

"अय्यय्यो! अंकल, तुम्ही?"

मागून मधुरा आली. तिच्या डोळ्यांत जी चमक होती, ती मी याआधी फक्त तिच्या दहावीच्या निकालाला पाहिली होती.

"बाबा, हलू नका. चादर परत घ्या. काय म्हणत होतात ते म्हणा."

"अगं, औटकी आहे ती!"

"असू दे. इथं कोणाला कळणार आहे?"

आणि मग माझ्या ध्यानात आलं. सेल्वीला मराठीचा गंध नाही. तिनं काय ऐकलं? "औट! औट!" चादरीतून वाफा सोडणारं एक धूड घोगऱ्या आवाजात तिला इंग्रजीतून बाहेर हाकलत होतं!

भुताची रात्र आम्ही दुपारी दोन वाजता चित्रित केली. खिडक्यांना ब्लँकेटं आणि दिव्याला निळा कागद लावला. बाहेर चेन्नईचं ऊन, आत पंखा बंद (आवाज येतो म्हणून), पुढ्यात उकळतं पातेलं आणि वर चादर. नऊ वेळा औटकी झाली. "बाबा, 'औट' जरा ओढून. बाबा, 'साडेसतरा' म्हणताना मान वाकडी. बाबा, छान, पण तुम्ही खुश वाटताय." मी खुशच होतो. पोरगी घामानं निथळत होती, पण एकदाही आवाज चढवला नाही. प्रत्येक वेळी नेमकं काय हवं ते तिला ठाऊक होतं. आमच्या कारखान्यात असा एक फोरमन मिळाला असता, तर माझं काम निम्मं झालं असतं.

संध्याकाळी रावजी वर आले. "सार, तुमच्या घरांत दुपारपासून कोण रडू लागलंय?" मी घसा बसल्याचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण सकाळी आमच्या दाराबाहेर राक्षसाचं तोंड रंगवलेला दृष्टीचा भोपळा टांगलेला होता. मधुरानं तोही ट्रेलरमध्ये घेतला.

ट्रेलरवर अक्षरं टाकायची वेळ आली, तेव्हा आमचं भांडण झालं.

"'सत्य घटनेवर आधारित'? कसली सत्य घटना?"

"तुम्ही वाफ घेतली होतीत ना?"

"घेतली होती."

"औटकी म्हणाला होतात ना?"

"हो."

"सेल्वी घाबरली होती ना?"

मला सही करावी लागली. 'लवकरच येत आहे' यावरही मी 'लवकर म्हणजे कधी?' असं विचारलं, पण वसुधानं मिक्सर लावला.

आता जाहिरात! काळ्या पोस्टरवर चादरीतली एक अंधूक आकृती आणि खाली एकच शब्द इंग्रजीत: आउट. कॉलेजभर हे पोस्टर लागलं. कसलं आहे, कोणाचं आहे, काही लिहिलेलं नाही. लोक चार दिवस एकमेकांना विचारत राहिले, आणि मग या पोरींनी माझ्या आवाजाचा रिंगटोन करून वाटला. त्याचा अर्थ काय, यावर कॅन्टीनमध्ये पैजा लागल्या. कोणी म्हणालं संस्कृत मंत्र, कोणी म्हणालं उलटी फिरवलेली टेप. एका प्राध्यापकांनी ही केरळकडची जुनी काळी विद्या असल्याचं खात्रीनं सांगितलं.

"बाबा, आता एकच भीती आहे," मधुरा म्हणाली. "हॉलमध्ये कोणी मराठी माणूस निघाला आणि हसला, की आपण गेलो."

"कोण येणार मराठी?"

"मी रावजींना बोलावलंय," स्वयंपाकघरातून वसुधा म्हणाली. "त्यांचं दार आहे ना त्यात!"

मधुरानं माझ्याकडे पाहिलं. जबाबदारी माझ्यावर पडली हे मला समजलं.

ट्रेलर दाखवायच्या शनिवारी रावजी, वसुधा आणि मी लोकलनं तांबरमला निघालो. माझा घसा अजून तसाच होता. रावजींनी तोंड उघडायचं ते फक्त खायला, या हिशेबानं मी मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकलीचा, मोठा पुडा बरोबर घेतला होता. पल्लावरमच्या अलीकडे समोर बसलेल्या एका मुलीच्या पर्समधून माझा आवाज आला: "एक औट औट! बे औट सात!"

"अहो, तुम्ही!" वसुधा दचकून म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघू लागलो. मुलीनं फोन उचलला. रावजी मात्र पर्सकडे टक लावून बघत होते.

"सार, हें मी लहानपणीं कुठें तरी ऐकलंय."

मी घाईघाईनं त्यांना मुरुक्कू दिला.

हॉल गच्च भरला होता. मी रावजींच्या डाव्या हाताला बसलो, वसुधा उजव्या. बाकीच्या गटांचे ट्रेलर झाले. त्यांत रक्त होतं, किंकाळ्या होत्या आणि पोरं शिट्ट्या मारत होती. मग आमचा सुरू झाला, आणि शिट्ट्या थांबल्या.

खरं सांगतो, ते घर माझं आहे हे मी विसरलो. सकाळचं ऊन, दारात रांगोळीचा कोलम, वसुधा फुलं माळतेय. सगळं छान. मग रावजींचं दार करकरलं. भोपळ्यावरचा राक्षस जरासा हलला. आतल्या खोलीत एक पांढरं काहीतरी आणि वाफ. "एक औट औट..." पुढच्या रांगेतल्या मुलीनं मैत्रिणीचा हात धरला. माझ्या अंगावर माझ्याच आवाजानं काटा आला! या पोरीनं सर्दीतून हे उभं केलं होतं. मी रावजींकडे पाहिलं. त्यांच्या हातातला मुरुक्कू तोंडाच्या वाटेवर थांबला होता, पण ते गप्प होते. मी सुटकेचा श्वास सोडला.

"पाच औट साडेसतरा... सहा औट एकवीस... सात औट..."

पडदा काळा झाला. शांतता. लोकांना वाटलं, संपलं बुवा. आणि तेवढ्यात माझा आवाज कडाडला:

"अठ्ठावीस!"

हॉल किंचाळला. पडदा पुन्हा काळा. पुन्हा शांतता.

आणि मी उभा राहिलो.

मी मुद्दाम नाही राहिलो, माझे पाय उभे राहिले. पंचवीस वर्षं चुकीचा दांडा बाजूला काढणाऱ्या माणसाकडून दुसरं काय होणार?

"साडेचोवीस!!"

तोच आवाज. तोच घोगरा. पण आता पडद्यातून नाही, मागच्या अंधारातून!

पुढे काय झालं ते मी सलग सांगू शकत नाही. खुर्च्या पडल्या. पुढच्या रांगेतली मुलगी मैत्रिणीच्या मांडीवर होती. परीक्षक म्हणून आलेले एक बुजुर्ग सिनेमा-संकलक कॉफीसकट उठले आणि कॉफी त्यांनी नेसलेल्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर बसली. अशा गोंधळात माझ्या शेजारून दुसरा, कापरा आवाज आला:

"आठ औट अठ्ठावीस! सेरी, सार, तुमचंच बरोबर!" रावजींना आठवलं होतं.

दुसरं भूत ऐकून मागच्या दोन रांगांतली पोरं दाराकडे पळाली. दिवे लागले. मधुरा व्यासपीठाजवळ उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना.

संकलकांनी वेष्टी झटकत तिला विचारलं, "मागचा माणूस तुम्हीच बसवला होता का?"

हो म्हणाली असती, तर खपलं असतं. मार्केटिंगच ते!

"नाही सर," ती म्हणाली. "ते माझे बाबा आहेत. तो आकड्यांचा पाढा आहे, आणि मी एडिटिंग करताना उत्तर बदललं. 'साडेचोवीस'पेक्षा 'अठ्ठावीस' जोरात लागतं. त्यांना चूक सहन होत नाही."

आख्खा हॉल हसत सुटला. झालं, मी म्हटलं, पोरीचं वर्ष माझ्या पायानं बुडालं.

पण संकलक हसले नाहीत. "'अठ्ठावीस'मधला तो 'ठ्ठ'," ते म्हणाले. "बरोबर. कट तिथंच हवा होता. मला पाढा कळला असता, तरी मी घाबरलो असतो." आणि कॅमेरा मधुराला मिळाला.

परतीच्या लोकलमध्ये आधी तिनं उत्तर का बदललं याबद्दल मी तिला बोललो, मग डोळे पुसले. (सर्दी होती.) रावजी डबाभर लोकांना औटकी समजावून सांगत होते. तोवर कॉलेजातली पोरं मला 'औट अंकल' म्हणू लागली होती आणि दोघांनी पाढा लिहूनही घेतला होता.

महिन्याभरानं पुऱ्या सिनेमाची तयारी सुरू झाली. मी आपण होऊन चादर धुऊन, इस्त्री करून ठेवली. तीन दिवस गार पाणी पिऊन घसाही बसवत आणला.

"मधुरा, माझं काम कधी आहे?"

तिनं कागदावरून मान वर केली. "बाबा, नियम आठवतोय ना? भूत कोण ते कळलं, की भीती संपली. आता तुम्हाला बघून सगळे हसतात."

"म्हणजे? पुऱ्या सिनेमात मी?"

"औट."

उत्तर बरोबर होतं, त्यामुळे मी चादर कपाटात ठेवून दिली.