पिकअपचे जुने मिरर

त्या शनिवारची केस मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तिच्यापायी माझा लेफ्टनंट माझ्यावर चिडला आणि आमचं मराठी मंडळही चिडलं. मी चुकतोय असं दोन्हीकडून ठणकावून सांगण्यात आलं. मी कोणाचंच ऐकलं नाही.

उत्तर व्हर्जिनियातल्या एका काउंटीच्या पोलीस खात्यात मी अपघातांच्या तपासावर होतो. खात्यात मराठी येणारा मी एकटाच. त्या दुपारी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका वयस्कर बाईंना मागून आलेल्या पिकअपच्या मिररचा तडाखा बसला आणि त्यांचा खांदा मोडला. गाडी थांबली नाही. जागेवर आम्हाला दोन तुकडे मिळाले: एक मिररमधल्या पिवळ्या इंडिकेटरचा, दुसरा काचेचा. काचेच्या मागे हीटरची पातळ जाळी चिकटलेली होती. करडा पिकअप आणि मागे बंद ट्रेलर एवढंच एका साक्षीदाराने पाहिलं होतं.

मी जबाब घ्यायला हॉस्पिटलमध्ये गेलो. बाई शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी ब्रेक मारले. ह्याला माझ्यासाठी एकदा मारता आला नाही?" मला भयंकर राग आला. तो माणूस मला हवाच होता.

मंगळवारी टिप आली. हर्नडनजवळच्या टाउनहाऊसमधली एक बाई फोनवर म्हणाली, समोरच्या इंडियन माणसाकडे करडा पिकअप आहे, तो ट्रेलर ओढतो, आणि रविवारी सकाळी त्याने ड्राइव्हवेमध्ये दोन्ही मिरर बदलले. खिडकीत बसणाऱ्या अशा शेजारणींची लोक चेष्टा करतात. मी कधी केली नाही, त्यांनी मला बरंच काम करून दिलेलं आहे.

माणूस निघाला पुण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं. आमच्या गणपतीच्या ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर तोच ओढायचा, आणि शनिवारी त्याच वेळी त्याच रस्त्याने गेला होता. आता गाडीला कोरे टोइंग मिरर होते. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असला की साध्या मिररमधून मागचं दिसत नाही, म्हणून हे बाहेर लांबवता येतात. त्यात इंडिकेटर, हीटर, खाली छोटा गोल आरसा, आणि बटण दाबलं की घडी. नेमके त्या तुकड्यांच्या जातीचे.

मी त्याला चौकशीला बोलावलं. खोलीत येताच तो म्हणाला, "सर, तुम्ही मराठी ना? बरं झालं यार."

"इथे सगळं रेकॉर्ड होतंय. इंग्लिशमध्ये बोला," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला.

मिरर कधी बदलले, असं मी विचारलं. तो म्हणाला, बदललेच नाहीत, गाडी घेतली तेव्हापासून असेच आहेत. मी पुन्हा विचारलं, तेच उत्तर. मग पथकातल्या तिघांना वेगवेगळं गाठलं. तिघांचंही वाक्य शब्दाला शब्द तेच. आता मला सांगा, मित्राच्या गाडीचे मिरर पहिल्यापासून कसे आहेत हे कोणाच्या लक्षात असतं? उत्तर पाठ करून आलेला माणूस मला दारातूनच कळतो, आणि इथे चौघेजण एकाच शिकवणीचे होते.

लेफ्टनंट खूश झाला. "तो खोटं बोलला. त्याचे मित्र खोटं बोलले. मॅजिस्ट्रेटकडे जा, वॉरंट घे."

वॉरंटसाठी, गुन्हेगार हाच अशी मॅजिस्ट्रेटसमोर शपथ मला घ्यायची होती. माझं मन घेईना. गाडी सेकंडहँड, त्यामुळे आधी कुठले मिरर होते ते कागदांवरून ठरत नव्हतं. खोटं तो बोलला होता हे नक्की, पण बाईंना त्यानेच उडवलं हे नक्की नव्हतं. मी म्हणालो, "मी शपथ घेणार नाही."

"तो तुमच्यातला आहे म्हणून?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं. मी सांगितलं, "हा संशय लेखी द्या आणि केस काढून घ्या. नाहीतर मला शुक्रवारपर्यंत काम करू द्या." त्याने लेखी दिलं नाही. असली माणसं लेखी देत नाहीत.

मी परत त्या शेजारणीकडे गेलो, कारण एक साधा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. ती चूक माझी. काढलेल्या मिररचं त्याने काय केलं? ती लगेच म्हणाली, "अहो, पुसले, टॉवेलमध्ये गुंडाळले आणि नव्या मिररच्या खोक्यात भरून आत नेले. जुन्या मिररची एवढी काळजी? मला विचित्रच वाटलं." फुटलेले होते का? "छे! लहान होते, पण चांगले होते."

तिला विचित्र वाटलं. मला मुळीच वाटलं नाही. आपल्या घरात वस्तू जाते कुठे? माझ्या गराजमध्ये आजही तीन टीव्हींची खोकी आहेत आणि त्यातला एकही टीव्ही घरात नाही.

तसाच त्याच्या दारात गेलो. बॉडी कॅमेरा चालू असल्याचं सांगितलं आणि गराज बघायची परवानगी मागितली. तो दारात आडवा उभा राहिला. "सर, तिथे काही नाहीये. नुसता पसारा."

आतून त्याची बायको आली. "दाखव त्यांना ते खोकं."

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलणार! मंडळातल्या त्या काकांचं ऐकून तू आपली वाट लावलीस. केस झाली तर व्हिसा जाईल, आपण सगळे पॅक करून परत. मुलांनी काय करायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, या तुम्ही आत. परवानगीची सही कुठे करायची ते सांगा."

तो बाजूला झाला, सही दोघांनीही केली. प्रेशर कुकरच्या आणि मिक्सरच्या खोक्यांमागे ते खोकं सापडलं. दोन साधे मिरर, एकदम धडधाकट. इंडिकेटर नाही, हीटर नाही. दोन्हीच्या खरबरीत काळ्या प्लास्टिकमध्ये कुंकू मुरलेलं होतं. गाडी घरी आणली त्या दिवशी तिने पूजा केली होती. फोनमधला फोटो तिने काढून दाखवला: तेच मिरर, कुंकवाची तीच बोटं, उजवीकडचा ओघळसुद्धा तोच. म्हणजे शेजारणीने रविवारी उतरवताना पाहिले ते हेच, शनिवारी गाडीला हेच होते, आणि रस्त्यावर सापडलेला तुकडा यांचा असूच शकत नव्हता.

"मग खोटं का बोललात?" मी जवळजवळ ओरडलोच.

तो खाली बघून म्हणाला, "शनिवारी ट्रेलर ओढताना मागचं दिसेना, म्हणून बदलले. पण मंडळातले काका म्हणाले, मिरर बदलले म्हणालास तर फुटले म्हणूनच बदलले असं समजतील. सगळ्यांना ग्रुपवर तसंच सांगायला सांगितलं."

आणि एकदा बदललेच नाहीत म्हटल्यावर जुने दाखवणार कसे? स्वतःला वाचवणारी एकमेव वस्तू हा शहाणा माणूस खोक्यात लपवून बसला होता.

मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं, त्याचं खोटंसुद्धा. त्याचं पुढे काय करायचं ते सरकारी वकिलांवर सोडलं. त्यांनी कडक शब्दांत समज दिली आणि विषय संपवला. तीन आठवड्यांनी एका गराजवाल्याचा फोन आला, करडा पिकअप उजवा मिरर बसवायला आलाय म्हणून. आमचे तुकडे त्याच्या फुटलेल्या मिररला तंतोतंत बसले. त्या ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला. लेफ्टनंटने सही करून फाइल बंद केली.

मंडळाने मात्र गाजावाजा केला. पुढच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलं आणि तेच काका शाल-श्रीफळ घेऊन पुढे झाले. माइकवर म्हणाले, "आपल्या माणसाने आपल्या माणसाला वाचवलं!"

मी शाल घेतली नाही. माइक घेतला. म्हणालो, "त्याने गुन्हा केला असता तर याच हातांनी मी त्याला बेड्या घातल्या असत्या. त्याला तुमच्या सल्ल्याने जवळजवळ तुरुंगात घातलं होतं. आणि खांदा मोडलेल्या त्या बाईंना भेटायला इथून एकजण तरी गेला का?"

कोणी टाळी वाजवली नाही. मागून कोणीतरी "जाऊ दे ना यार" म्हणालं. मी जाऊ दिलं नाही, उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिलो. शेवटी त्या पिकअपवाल्याची बायको उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, पत्ता द्या. मी जाते." आणि ती खरंच गेली.

पोलिसाला आपला माणूस नसतो. हे मला या केसने शिकवलं आणि त्यात मला कसलीही लाज वाटत नाही. ते काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.