तिसऱ्या नंबरचं गाव

कागदावर आकडा दिसला की काका आधी त्यावर बोट ठेवत आणि विचारत, "हा कुठला? नावाचा, रांगेचा की मापाचा?" उत्तर मिळेपर्यंत बोट हलायचं नाही. तुमच्याही कचेरीत असा एखादा छळवादी माणूस असेलच. कल्याणकडच्या आमच्या कचेरीत हे अव्वल कारकून होते. वयाने वडील, अंगाने ऐसपैस, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांच्या शेजारी बसे. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं.

शिरगणतीच्या वेळी घरोघरी दारावर गेरूने नंबर घातले होते. एका शाळामास्तराने माणसांच्या रकान्याची बेरीज केली ती केली, वर शेजारच्या घर-नंबरांचीही करून पाठवली. काकांनी त्याला बोलावलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मास्तर, या बेरजेच्या घरात राहायला कोण जाणार?" मग त्याला सुपारी देऊन समजावलं की घराचा नंबर म्हणजे घराचं नाव, गोविंदा आणि गोपाळाची बेरीज होते का? मास्तर हसत घरी गेला.

एकदा मी दोन आंबे आणले आणि हा त्याच्या दुप्पट गोड आहे म्हणालो. काका म्हणाले, "जास्त गोड म्हण. दुप्पट कशाने मोजलंस रे?" एवढं बोलून त्यांनी दोन्ही आंबे संपवले. मला कोयसुद्धा मिळाली नाही.

अशा माणसाशेजारी बसून डोकं उठायचं. पण तक्त्याच्या वेळी मात्र माझं डोकं ठिकाणावर आलं, ते सांगतो.

शीळच्या बाजूच्या तीन गावांनी विहीर मागितली होती आणि मंजुरी एकाच विहिरीला मिळणार होती. कोणाची गरज मोठी, याचा तक्ता ठाण्याला साहेबांकडे जायचा होता. तो करायचं काम माझ्याकडे आलं. त्यातलं एक गाव खाडीला लागून, मिठागरावर राबणाऱ्या आगरी लोकांचं. त्यांच्या जुन्या विहिरीचं पाणी खारट, म्हणून बाया लांबून पाणी आणत.

मी तीन रकाने पाडले: वस्ती, गुरं आणि पाण्याचं अंतर. प्रत्येक रकान्यात गावांना पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावले आणि बेरीज मारली. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याला विहीर. मिठागराचं गाव लहान, गुरंही थोडी, म्हणून दोन्हीकडे तिसरं. अंतरात तेवढं पहिलं. बेरीज सात. बाकीच्यांची पाच आणि सहा. झालं, ते शेवटी गेलं. तक्ता इतका देखणा झाला होता की मी तो दोनदा लांब धरून पाहिला.

काकांचं बोट बेरजेवर आलं. "हे सगळे रांगेचे आकडे. पहिल्यात आणि दुसऱ्यात पावलाचं अंतर आहे की कोसाचं, ते यात कुठं दिसतं?"

मी चिडलो. परवा तक्ता जायचाय, मी पुन्हा लिहिणार नाही, असं तोंडावर सांगितलं. ते बरं म्हणाले आणि कपाटातून जमीन मोजायची साखळी काढली. दुसऱ्या दिवशी पहाटेच मला घेऊन निघाले.

अंतरात तिसऱ्या आलेल्या गावाचं पाणी वीस साखळ्यांवर निघालं, दुसऱ्या आलेल्याचं अडतीस. मग मिठागराच्या गावी गेलो. तिथे हिराबाय नावाची बाई घागर घेऊन निघालीच होती. आम्ही काय करतोय ते कळल्यावर म्हणाली, "आमी दिसाला चार खेपा करताव, भाऊसाहेब. तुमी एक करून बगा."

मी हसलो. काकांनी तिच्याकडून खरंच एक घागर घेतली.

वाट मिठागराच्या बांधावरून. जाताना आम्ही दोघांनी साखळी ओढली. दोनशे चाळीस भरली, म्हणजे दीड मैल. येताना काका खांद्यावर घागर घेऊन चिखलातून डुलत चालले होते. गावात पोचेपर्यंत अर्धं पाणी त्यांच्या धोतरात गेलं होतं. बाया इतक्या हसल्या की त्यांना आपल्या घागरी खाली ठेवाव्या लागल्या, आणि काका त्यांच्याहून मोठ्याने हसत होते. मला मात्र हसू आलं नाही. नुसती साखळी धरून चालतानाच माझे पाय खारट चिखलाने फुटले होते. ही सगळी वाट मी एका "१" मध्ये उरकली होती. माझी मला लाज वाटली.

सकाळी मी आपण होऊन तक्ता फाडला. नव्यात माणसं किती ते लिहिलं, गुरं किती ते लिहिलं आणि अंतर साखळ्यांत. खाली बेरीज नव्हती, कारण माणसं, गुरं आणि साखळ्या यांची ती होतच नाही. साहेबांनी विहीर मिठागराच्या गावाला दिली.

बायांनी टेकडीच्या पायथ्याची जागा दाखवली, तिथे खणायला लागले. खाडी जवळ, पाणी गोड लागेल की खारट, कोणी सांगू शकत नव्हतं. काका रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. चैत्रात त्यांना ताप आला आणि आठ दिवसांत ते गेले. पाणी अजून लागलं नव्हतं. मला त्यांचा किती लळा होता, ते मला तेव्हा कळलं.

पुढे पंधरवड्याने एका दुपारी हिराबाय कचेरीत आली. हातात तांब्या, वर पान झाकलेलं. "ते जाडे भाऊसाहेब कुटं हायत?"

मी सांगितलं. ती तिथेच उंबऱ्याशी बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग तांब्या उचलून निघाली. मी तिला थांबवलं आणि सांगून टाकलं की तुमचं गाव आधी तिसरं लावलं होतं, ते मी.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तांब्यावरचं पान काढलं.

"मंग तुमीच प्या. गोड हाय का ते सांगा."

आगऱ्याच्या घरचं पाणी पिणं आमच्या सोवळ्याच्या घरी चाललं नसतं. सगळी कचेरी बघत होती. मी खाली बसून ओंजळ धरली. पाणी गोड होतं.  मी मान डोलावली, आणि ती ओतत राहिली.