टेंभुर्णीहून दीड तास

लंडनच्या दवाखान्यात नर्स असलेल्या दिपालीला ज्ञानूदादाचा फोन आला तेव्हा ती एका म्हातारीच्या पाठीला औषध लावत होती. "आई गेली," एवढंच तो म्हणाला.

"दादा, ठेव तिला. मी निघालेच."

"किती वेळ लागंल?"

तिनं हिशेब सांगितला. मुंबई सात हजार किलोमीटर, विमानाला नऊ तास. पुढं सोलापूरपर्यंत गाडीचे आठ. उद्या दुपारी चारच्या आत पोचते.

"ये. बर्फाची पेटी आणलीय. चारपर्यंत थांबतो."

माढ्याकडच्या माळावर शेरडं राखून केराबाईनं पोरीला नर्स केलं होतं. पुढं म्हातारी सोलापुरात ज्ञानूकडं राहायला आली आणि दोन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळली. दिपाली रोज फोन करायची. फोन ठेवला की म्हातारी शेजारणींना सांगायची, "मला अगीन माजी दिपीच देणार. ज्ञानूनं हात लावायचा न्हाय." ज्ञानू तिथंच तिचं अंथरूण बदलत असायचा.

मुंबईहून गाडी निघाल्यावर त्याचे फोन सुरू झाले. लोणावळा आलं का? इंदापूर गेलं का? दिपालीला बरं वाटलं. दोन वाजता तो म्हणाला, "कुटं हायस?"

"टेंभुर्णीला. दीड तासात येते की."

"सावकाश ये."

साडेतीनला ती दारात उतरली. अंगण धुऊन ओलं होतं. पेटी नव्हती, माणसं पांगली होती. शेजारची शिवबाई तेवढी उंबऱ्यात बसली होती. तिनं दिपालीला कवटाळलं.

"तू टेंभुर्णीला आलीस असं सांगत त्यानं फोन ठिवला, आन् लगेच 'उचला' म्हणाला. आमी लई इनवलं गं. दीड तास थांब म्हणलं."

दिपाली तशीच रिक्षात बसून स्मशानात गेली. चितेची धग इतकी होती की जवळ जाता येईना. ज्ञानू झाडाखाली बसला होता.

"तोंड तरी बघू द्यायचं होतंस, दादा."

"दोन वर्षं तिचं हगणंमुतणं म्या काढलं," तो जागचा न हलता म्हणाला. "रोज तुजंच नाव ऐकत. काल जाताना पाणी म्या पाजलं, तर ते थुकून टाकलं तिनं. म्हणली, दिपी पाजंल. आन् अगीनबी तूच द्यायचीस व्हय?"

"मग थांबतो म्हणून का सांगितलंस?"

"तू वाटंत आस लावून बसावंस म्हणून."

दिपालीनं त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं गाल चोळलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो राख सावडायला गेला. प्रवासानं मोडलेली दिपाली शेजारच्याच खोलीत झोपली होती. तिला उठवू नका, असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. ती जागी झाली तोवर अस्थी नदीला गेल्या होत्या.